तिखट : शून्य

एलॉय अपोडाकाचा रक्तदाब खाली यायला तयार नव्हता, आणि तो आला नाही तर शाळेची बस त्याच्या हातून जाणार होती. सव्वीस वर्षं त्याने ती पिवळी बस रिओ ग्रांदे नदीच्या काठाकाठाने हाकली होती. ज्यांची शेंबडी नाकं त्याने आरशातून पाहिली, त्यांचीच पोरं आता त्याच आरशात नाक पुसत होती. जूनमध्ये परवान्याच्या तपासणीला गेला, तर डॉक्टरने दंडाला पट्टा दोनदा गुंडाळला, तोंड दोनदा वाकडं केलं आणि तीन महिन्यांची मुदत दिली.

"सप्टेंबरात परत या. हा आकडा एकशेचाळीसच्या खाली पाहिजे. पंधरा पौंड वजन उतरवा, तो आपोआप उतरेल. नाहीतर किल्ल्या जमा करा. किंवा गोळ्या देतो."

गोळ्यांचं नाव एलॉयसमोर काढायचं नाही. त्याच्या बापाने दाबाची एक गोळी सुरू केली, एकीच्या सहा झाल्या आणि सहांनंतर थेट शवपेटी आली. मधली बावीस वर्षं बाप ठणठणीत जगला, ती एलॉय जमेस धरत नसे.

मार्ग सुचवला ओर्लिंडाने. ही त्याच्या भावाची मुलगी, नर्स. विद्यापीठाने गावात दोन खोल्या घेऊन एक संशोधन मांडलं होतं, तिथे ती कामाला लागली होती.

"काका, फुकटची कॅप्सूल आहे. चरबी जळते म्हणे. दाबही उतरतो म्हणे. बारा आठवडे दर सोमवारी यायचं, वजन द्यायचं, दंड द्यायचा, जायचं."

"आहे काय त्यात?"

"मिरचीचा अर्क."

"मिरची? कॅप्सूलमधून? कशाला? दात पडलेल्यांसाठी आहे का?"

तर हे संशोधन. त्याला पैसे ओहायोतल्या एका कॅप्सूलवाल्याचे. आधीच्या लोकांनी असे प्रयोग केले होते. कुठे वीस माणसं, कुठे चाळीस, चारसहा आठवडे. त्यातून एवढंच हाती लागलं होतं की कॅप्सूल घेतली तर दिवसाला अर्ध्या टॉर्टियाएवढी, म्हणजे इथल्या अर्ध्या पोळीएवढी, चरबी जळते, जळलीच तर. दाबाबद्दल एकाचं एक, दुसऱ्याचं दुसरं. आणि जो काही फरक दिसे तो बहुतेक मिरची न खाणाऱ्यांत. रोज खाणाऱ्याचं शरीर तिला ओळखतं आणि हिंग लावून विचारत नाही. त्यामुळे प्रयोगाला माणसं हवीत तिखट न खाणारी. अशी माणसं अमेरिकेत ढिगाने पडली आहेत. संशोधनाचे प्रमुख डॉक्टर लुंडग्रेन ज्या मिनेसोटातून आले होते, तिथे काळी मिरी टाकली तरी लोक खिडक्या उघडतात. पण कॅप्सूलवाल्याला बाटलीवर छापायचं होतं : 'मिरचीच्या खोऱ्यात पारखलेली'. म्हणून हा सज्जन माणूस न्यू मेक्सिकोच्या या खोऱ्यात, जिथे पोराला दात येण्याआधी मिरचीचा रस चाटवतात तिथे, मिरची न खाणारे शोधायला आला. कोळीवाड्यात जाऊन मासे न खाणारे शोधावेत, तसं. पदव्या भिंतीवर टांगल्या की माणसाला खिडकीतून बाहेर पाहायची गरज उरत नाही.

आणि गंमत म्हणजे त्याला असे एकतीस जण मिळाले.

अर्जात प्रश्न होता : आठवड्यातून किती वेळा तिखट पदार्थ खाता? एलॉयने प्रामाणिकपणे विचार केला. तिखट म्हणजे कवटीचं चित्र असलेल्या बाटलीतलं ते सॉस. पुतण्याच्या लग्नात पैजेखातर चाटलं होतं आणि दोन तास उचकी लागली होती. त्याला बारा वर्षं झाली. त्याने लिहिलं : शून्य. उरलेल्या तिसांनीही शून्य लिहिलं. एकानेही खोटं लिहिलं नव्हतं.

निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना मक्याचं पीठ भरलेली. कोणाला काय, ते बंद पाकिटात. एलॉयला मात्र पहिल्या दिवसापासून खात्री होती.

"डेल्फिना, मला खरीच मिळालीय. जेवण झालं की पोटात कशी ऊब येते."

"ती माझ्या कालवणाची ऊब आहे," त्याची बायको म्हणाली. "तीस वर्षं येतेय. तुझं लक्ष आज गेलं."

दर सोमवारी ओर्लिंडा कागद पुढे ओढून विचारायची, "गेल्या सात दिवसांत तिखट काही खाल्लंत?"

"नाही."

"शाबास. दंड द्या."

तिच्या श्वासाला सकाळच्या अंड्यावरच्या हिरव्या मिरचीचा वास यायचा आणि त्याच्याही. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. श्वासाला दुसरा कसला वास येणार?

आठ आठवडे झाले. वजन तेवढंच, दाब तेवढाच. एकतीसच्या एकतीस जणांचे आकडे जिथल्या तिथे बसून राहिले. लुंडग्रेनसाहेब कागद उलटे करून पाहू लागले.

मग ऑगस्ट मध्यावर आला आणि किराणा दुकानासमोर भट्ट्या लागल्या. लोखंडी जाळीचं पिंप गरगर फिरतंय, खाली गॅसची ज्वाला फुरफुरतेय, आत मिरच्या तडतडून काळ्या पडताहेत, आणि तो वास. त्या वासाने आख्खं खोरं आठवडाभर कामात चुका करतं. एलॉय आणि डेल्फिना चाळीस-चाळीस पौंडांची दोन पोती घेऊन रांगेत उभे होते. लुंडग्रेनसाहेब पाव घ्यायला आले होते.

"मिस्टर अपोडाका! हे काय आहे?"

"मिरची."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? आम्हाला."

"तुम्ही ही... खाता? कधी?"

एलॉयला प्रश्न कळेना. "जेवतो तेव्हा."

"आठवड्यातून किती वेळा?"

"आठवड्यातून काय साहेब, सकाळी अंड्यावर, दुपारी बीन्समध्ये, संध्याकाळी कालवणात. रविवारी लाल."

साहेबांच्या हातातला पाव दबला. "तुम्ही अर्जात शून्य लिहिलंय!"

"तिखट शून्य. हे तिखट कुठंय? चाखून बघा ना."

एलॉयने भाजलेल्या मिरचीची साल ओढून तुकडा पुढे केला. पाहुण्याला रांगेतला माल चाखवायची इथली रीतच आहे, आणि संशोधक असला तरी तो पाहुणाच. साहेबांनी तुकडा तोंडात टाकला. पहिल्यांदा कान लाल झाले, मग मान, मग डोळ्यांतून धारा लागल्या आणि उचकी सुरू झाली. डेल्फिनाने पिशवीतून दुधाची बाटली काढली, झाकण उघडलं, आणि लहान पोराला पाजावं तशी त्यांच्या तोंडाला लावली.

"घ्या, डॉक्टरसाहेब. हळू. पुसा आता नाक."

दूध गिळता गिळता साहेबांची नजर रांगेवर गेली. एलॉयच्या मागे सव्वीस नंबरचा स्वयंसेवक उभा होता. त्याच्या मागे चार नंबर, मग अकरा आणि बारा, नवराबायको, आणि पुढे बाकीचे सगळे नंबर. सगळ्यांनी आदराने हात हलवले. शेवटी ओर्लिंडा होती. तिच्याकडे तीन पोती.

"ओर्लिंडा! तुला माहीत होतं?"

"काय, सर?"

"हे सगळे मिरची खातात!"

"हो मग? तुम्ही तिखट विचारायला सांगितलंत. मी तिखटच विचारलं."

साहेब तिथेच एका पोत्यावर बसले. उचक्यांच्या मधून त्यांनी सांगितलं की आठ आठवडे पाण्यात गेले. उरलेले चार आठवडे कोणी मिरची पूर्ण सोडली, तर निदान काहीतरी हाती लागेल. रांग हसली. तीस जणांनी जागेवर राजीनामे दिले. दोघांनी तर वर कॅप्सूलची बाटली साहेबांच्या खिशात कोंबली.

"आणि तुम्ही, मिस्टर अपोडाका? रोजच्या मिरचीमुळेच कॅप्सूल लागू पडत नसणार."

एलॉयने भट्टीकडे पाहिलं. मग त्याला बसच्या किल्ल्या दिसल्या, दुसऱ्याच कोणाच्या तरी कमरेला लटकलेल्या. हाताशी दुसरा उपाय नव्हता.

"सोडतो," तो म्हणाला.

डेल्फिनाने पोतं खाली ठेवलं. "काय सोडतोस?"

"चार आठवडे फक्त."

"तीस वर्षांत माझ्या हातचं कधी सोडलं नाहीस. कुठे जेवणार आहेस? नाव सांग तिचं."

नाव नव्हतं. होते नुसते उकडलेले बटाटे, नुसते बीन्स, नुसती अंडी. तीही बिनमिरचीची होईनात, कारण डेल्फिनाच्या तव्यात तीन पिढ्यांची मिरची मुरली होती. शेवटी ओर्लिंडाने नवा तवा आणून दिला. त्या तव्यातलं पहिलं अंडं एलॉयने तोंडात घोळवलं, गिळलं, आणि काटा खाली ठेवला.

"कसं आहे?" डेल्फिनाने विचारलं. आवाजात विष होतं.

"आहे," एलॉय म्हणाला. "अंडं आहे."

चौथ्या दिवशी सासू आली. युफेमियाबाई, वय एक्क्याऐंशी. जावयाच्या ताटातला पांढराफटक बटाटा पाहून तिने छातीवर क्रूस काढला.

"किती दिवस दिलेत डॉक्टरने?"

"आई, मला काही झालं नाहीये."

"माझा भाऊही हेच म्हणाला होता. त्यानेही शेवटी मिरची सोडली होती."

"आई, मामा ट्रॅक्टरखाली गेला," डेल्फिना म्हणाली.

"त्याआधी सोडली होती!"

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या अकरा बायका जपमाळा घेऊन एलॉयच्या दिवाणखान्यात बसल्या आणि त्याच्या बरं होण्यासाठी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. तो खुर्चीत बसून ऐकत होता. उठू लागला की कोणीतरी मायेने दाबून परत बसवी. येताना प्रत्येकीने आजाऱ्यासाठी भांडं भरून आणलं होतं. लाल मिरचीतलं डुकराचं मांस, हिरव्या मिरचीतली कोंबडी, मिरची-चीज भरलेल्या टॉर्टियांच्या चळती. एलॉयने एकाही भांड्याला बोट लावलं नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुढच्या प्रार्थनेत 'बरा होवो' गाळून 'सुखाने जावो' घातलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये पहिल्या बाकावरच्या पोरीने विचारलं, "मिस्टर एलॉय, तुम्ही मेल्यावर बस कोण चालवणार?"

हाच प्रश्न शाळेच्या वाहतूक साहेबांनाही पडला. त्यांची आई त्या अकरांतली एक. त्यांचा फोन आला : एवढा आजारी माणूस पोरं घेऊन रस्त्यावर नको, चौथा आठवडा संपला की लगेच त्या सोमवारी तपासणी, एक दिवसही जास्त मिळणार नाही. एलॉयने फोन ठेवला आणि समोरच्या बटाट्याकडे पाहिलं. बटाट्यानेही त्याच्याकडे तसंच पाहिलं. त्याने ताट सरकवून दिलं. असं ताट तो आता रोज सरकवत होता. पूर्वी कालवणाबरोबर तीन टॉर्टिया कधी गेल्या ते कळत नसे, तिथे आता अर्धी जाईना. रुचीच नाही तर माणूस खाणार किती? जगण्यापुरतं.

सोमवारी डॉक्टरने पट्टा गुंडाळला. पुन्हा गुंडाळला. वजनकाट्याला लाथ मारून पाहिली.

"एकशेअठ्ठावीस. आणि सतरा पौंड कमी. काय केलंत काय?"

"मिरची," एलॉय म्हणाला. लांबलचक सांगायचं त्राण नव्हतं.

परवाना हातात घेऊन तो थेट संशोधनाच्या खोल्यांवर गेला. लुंडग्रेनसाहेबांनी आकडे पाहिले, पुन्हा पाहिले आणि खुर्चीतून उठले. एकतीसमधला एक, पण काय एक! त्यांनी एलॉयचं पाकीट फोडलं. आतला कागद वाचला. मग ओर्लिंडाला दिला. तिने वाचला आणि तिला हसू आवरेना.

"काका, तुमची मक्याच्या पिठाची होती."

बारा आठवडे. साहेब मिनेसोटाला परत गेले. त्यांनी खरं तेच लिहिलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं : या प्रयोगातून कॅप्सूलबद्दल काहीही सिद्ध होत नाही, मिरची काढून घेतल्यास एका माणसाचं वजन उतरलं. कॅप्सूलवाल्याने तो अहवाल वाचला, कपाटात घातला, कपाटाला कुलूप लावलं आणि बाटलीवर छापलं : 'मिरचीच्या खोऱ्यात पारखलेली'. त्यात खोटं काय आहे? पारखली होतीच. असंच लिहिलेल्या बाटल्या तुमच्याआमच्या कपाटात किती आहेत, ते उठून बघा.

पण त्या सोमवारी संध्याकाळी एलॉयला याची फिकीर नव्हती. बसच्या किल्ल्या टेबलावर होत्या. डेल्फिनाने जुनं पातेलं काढलं होतं. हिरव्या मिरचीचं कालवण, मांस, बटाटे, वर वाफ. सासू समोर बसली होती, जावई खरंच खातो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. ओर्लिंडाही आली होती.

एलॉयने टॉर्टियाचा तुकडा मोडला, बुडवला, तोंडात टाकला. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"बघा, रडतोय," डेल्फिना म्हणाली, आणि चार आठवड्यांत पहिल्यांदा तिचा आवाज मऊ झाला. "आठवण आली ना रे?"

एलॉयने मान हलवली. आधी वरखाली, मग आडवी. त्याचे कान लाल झाले, मग मान. तो काहीतरी पुटपुटला.

"काय? मोठ्याने बोल."

"तिखट आहे," एलॉय म्हणाला.

ओर्लिंडाने चमचा खाली ठेवला. युफेमियाबाईने खिशातली जपमाळ बाहेर काढली. "मी सांगत होते," ती म्हणाली, "माणूस गेलाय आपला."

एलॉयला पहिली उचकी लागली. डेल्फिना उठली, फ्रिज उघडला, पेला काठोकाठ भरला आणि नवऱ्यासमोर आदळला.

"घ्या, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "हळू. पुसा आता नाक."