अध्यक्षांचं पोट

आरमोरीच्या प्रवीण दोनाडकरांच्या बैठकीत काचेच्या टाकीत एक मासा होता आणि त्याला सगळे ‘अध्यक्ष’ म्हणत.

मासा फ्लॉवरहॉर्न जातीचा. अंगावर लाल-काळे ठिपके आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. नागपूरच्या एका वास्तुतज्ज्ञाने तो ईशान्य कोपऱ्यात ठेवायला लावला होता. “हे टेंगूळ जसजसं वाढेल, तसतसं तुमचं पद वाढेल,” असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. प्रवीणभाऊ धान गिरणीच्या सहकारी संस्थेचे उपाध्यक्ष होते. खुर्चीवर रामाजीभाऊ भर्रे इतकी वर्षं बसले होते, की संस्थेत नवी लागलेली माणसं त्यांचं आडनावच ‘अध्यक्ष’ आहे असं समजत. ‘तुम्ही कधी उठता?’ हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. म्हणून प्रवीणभाऊ रोज सकाळी माशाचं टेंगूळ पाहत.

माशाचं बारसं कुलदीपने केलं. कुलदीप म्हणजे प्रवीणभाऊंचा उजवा हात. प्रवीणभाऊंच्या बायकोच्या, मयुरीच्या मते रिकामा हात. “भाऊ, उद्या ह्या घरात अध्यक्ष राहणारच आहेत, तं आतापासूनच म्हणायची सवय करू,” तो म्हणाला होता. तेव्हापासून प्रवीणभाऊंकडे काम घेऊन येणारा प्रत्येक जण आधी टाकीपाशी जायचा, वाकायचा आणि अध्यक्षांना काहीतरी चारायचा. कुणी मुरमुरे टाकी, कुणी पोळीचा तुकडा, तर कुणी वैनगंगेची सुकट. अध्यक्ष काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करत. “पाहा, होकार देऊन राह्यले!” असं म्हणत माणसं खूश होऊन परत जात.

“अहो, किती खाऊ घालून राह्यले त्याले?” मयुरी म्हणायची. “मासा आहे तो, लग्नातला पाहुणा नाई.”

“लोकायचं प्रेम आहे ते. नाई म्हणता येते का?”

टाकीचं पाणी बदलणं, काच घासणं ही कामं मात्र मयुरीकडेच होती. बाकी कुणाच्याही बोटावर झेप घेणारा तो मासा तिच्या बांगड्या वाजल्या की मुकाट तिच्या बाजूला येऊन थांबायचा.

दिवाळीनंतर धान कापणीच्या दिवसांत एका सकाळी तो आला नाही. टाकीच्या तळाशी एका कुशीवर पडला होता. पोट लिंबासारखं टम्म फुगलेलं आणि टेंगूळ पार बसलेलं. मयुरीने बांगड्या पुन्हा वाजवून पाहिल्या. प्रवीणभाऊंची नजर फक्त टेंगळावर होती. संस्थेची वार्षिक सभा तोंडावर आली होती.

त्यांनी गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो भला माणूस म्हणाला, “मी म्हशीपर्यंत सांगू शकतो, याच्यातलं मले नाई समजत.” मग मयुरीने नागपूरच्या मासेवाल्या दुकानदाराला व्हिडिओवर मासा दाखवला. त्याने सांगितलं की खाऊन खाऊन पोट साफ व्हायचं बंद झालंय. खाणं पूर्ण बंद करा, पाणी थोडं कोमट ठेवा, थोडं मीठ घाला आणि दोन दिवसांनी सालं काढून उकडलेला वाटाणा द्या. मयुरी लगेच कामाला लागली.

कुलदीपही कामाला लागला. त्याने भाऊंच्या खास माणसांच्या ग्रुपवर संदेश टाकला. माशाला अरेतुरे केलं तर भाऊंना आवडायचं नाही, म्हणून त्याने मोठ्या अदबीने लिहिलं : “कळविण्यास दुःख होते की अध्यक्षांची तब्येत गंभीर आहे. पोट फुगले असून अन्न बंद आहे. सर्वांनी प्रार्थना करावी.”

खास माणसांना मासा माहीत होता. पण त्यातल्या एकाने आणखी माणसं प्रार्थनेला लागावीत म्हणून तो संदेश संस्थेच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. तिथे अध्यक्ष एकच होते. आणि रामाजीभाऊ धान कापणीसाठी धानोऱ्याकडे लेकीच्या गावी गेले होते. तिथे फोन लागायला टेकडी चढावी लागते. लोकांनी फोन लावले, लागले नाहीत. घरी जाऊन पाहिलं, तर दाराला कुलूप. खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या संचालिका धुरपताबाईंनी प्रवीणभाऊंना फोन केला.

“भाऊ, अध्यक्ष कसे आहेत जी?”

संचालिकेलाही आपल्या माशाची काळजी आहे, हे पाहून प्रवीणभाऊ फोन घेऊन टाकीपाशी गेले. “काय सांगू बाई. एका कुशीवर पडून आहेत. पाहवत नाई.”

“आहेत कुठी?”

“कुठी राहतीन? माह्याच घरी. बैठकीत.”

“डाक्टरले दाखवलं का?”

“गुरांच्या डाक्टरले फोन केला. तो म्हणे, मले नाई समजत.”

“गुरांच्या?”

“दुसरं कोण पाह्यते जी? शेवटी मयुरीनं मिठाच्या पाण्यात ठेवलं.”

“बाप्पा! मिठात? अन् बाहेर कधी काढता?”

“बाहेर काढलं तं मरतीन नं!”

“घरच्यायले तरी कळवलं का?”

“कोणाचे घरचे? एकटाच जीव. सोबतीले दुसरा आणला होता, तं त्याले ह्यायनं खाऊन टाकलं.”

धुरपताबाईंनी फोन ठेवला. अध्यक्ष गेलेत, दुःखाने उपाध्यक्षांच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि घरच्यांना न कळवताच त्यांनी देह मिठात ठेवलाय, असं त्यांनी संचालक सुनिल सपाटेंना कळवलं. सुनिलभाऊ तयारीचे गृहस्थ होते. त्यांनी आदल्या दिवशीच दोन फ्लेक्स छापून घेतले होते. एकावर ‘लवकर बरे व्हा’ आणि दुसऱ्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. दोन्हींवर रामाजीभाऊंचा फोटो टिकलीएवढा होता आणि सुनिलभाऊंचा खिडकीएवढा. संध्याकाळी बसस्टँडवर दुसरा फ्लेक्स लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे संचालक पांढरे कपडे घालून प्रवीणभाऊंच्या अंगणात आले. सोबत भला मोठा हार होता. प्रवीणभाऊ दारातच गोंधळले. “अजून गेले नाईत जी ते! मयुरी वाटाणा उकडून राह्यली.”

“शांत व्हा, भाऊ,” सुनिलभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “रामाजीभाऊ गेले हे आपल्याले मान्य करावंच लागते.”

प्रवीणभाऊंच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. “अरे, तो मासा” असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात धुरपताबाई म्हणाल्या, “गेलेला माणूस काही परत येत नाई. पण खुर्ची रिकामी ठेवता येत नाई. आम्ही सगळ्यायनं तुमचंच नाव ठरवलं.”

प्रवीणभाऊंनी उघडलेलं तोंड मिटलं. सांगायचं तर होतंच. पण एवढी माणसं उन्हातून आली होती, आधी चहा तरी द्यायला हवा. ते खुर्चीवर बसले. “मी काय बोलू?” ते जड आवाजात म्हणाले, आणि ते खरंच होतं. “सगळ्यायची इच्छाच असन, तं...”

“असन तं काय?” फाटकातून आवाज आला.

फाटकात रामाजीभाऊ उभे होते. हातात पिशवी, धोतराला धानाचा भुसा. एका संचालकाच्या हातातून फोन पडला. धुरपताबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि रामनाम सुरू केलं.

“बसमधून उतरलो तं माह्याच फोटोले माणसं हात जोडून राह्यले,” रामाजीभाऊ म्हणाले. “पानवाल्यानं मले पाह्यलं अन् ठेल्याखाली घुसला. तिथूनच म्हणे, भाऊ, तुम्हाले दोनाडकरायच्या घरी मिठात ठेवलं आहे. म्हटलं, पाहून तं येऊ.”

हार घेतलेल्या माणसाने तो पाठीमागे लपवला, पण हार दोन्ही बाजूंनी दिसत होता. रामाजीभाऊंनी एकेका चेहऱ्याकडे नीट पाहिलं, शेवटी प्रवीणभाऊंकडे पाहिलं, आणि चपला काढून ते सरळ बैठकीत गेले.

मयुरी टाकीशी बसली होती. बाहेर काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. “या भाऊ,” ती मागे वळून म्हणाली. “हळू बोला जी, आताच वाटाणा खाल्ला त्यानं.”

“हेच का ते अध्यक्ष?”

मयुरीला ओशाळल्यासारखं झालं. तिने सगळं सांगितलं. टेंगूळ, मुरमुरे, सुकट, सगळं. रामाजीभाऊ तिच्या शेजारी खाली बसले आणि काचेत पाहू लागले.

“जो येते तो चारते,” ते म्हणाले. “अन् पोट दुखते का, हे कोणी विचारत नाई. माह्यं बी असंच आहे, बाई. महिना झाला, जेवण जात नाई, झोप येत नाई. कशातच मन नाई लागत.”

तेवढ्यात माशाने शेपूट हलवली. पोटातून एक लांब दोरा सुटला. मासा एकदा डगमगला, मग सरळ झाला आणि बांगड्यांच्या आवाजाकडे सावकाश पोहत आला. मयुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “झालं! पोट मोकळं झालं त्याचं!” रामाजीभाऊंनी मांडीवर थाप मारली आणि ते इतके हसले, की बाहेरचे संचालक दारात गोळा झाले. सगळ्यांत पुढे प्रवीणभाऊ होते.

“चाय ठेवू का भाऊ?” मयुरीने विचारलं.

“चाय नको. जेवणच वाढ. भूक लागली.”

तिने ताट वाढलं. वरण, भात, वांग्याची भाजी. रामाजीभाऊंनी भात दोनदा मागून घेतला. दारातली माणसं त्यांचा प्रत्येक घास मोजल्यासारखी पाहत होती.

“लेकीकडे काऊन गेल्तो, माहित आहे?” जेवता जेवता ते मयुरीला म्हणाले. “तिले सांगाले गेल्तो, का तब्येत साथ नाई देत, आता बस झालं. ह्या सभेत राजीनामा देतो. तुह्या नवऱ्याचंच नाव सुचवणार होतो मी.”

प्रवीणभाऊंनी दाराची चौकट धरली. “मग भाऊ?”

रामाजीभाऊंनी ताटातलं शेवटचं वरण बोटाने निपटलं, तृप्तीची ढेकर दिली आणि दारात दाटीवाटीने उभ्या असलेल्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांवरून प्रेमाने नजर फिरवली.

“मग काय,” ते म्हणाले. “आता बहुत बरं वाटून राह्यलं.”