पोवळ्यांचे दिवे

"बाहेर? बाहेर कशाला टांगायचे?" मुसाइदने विचारलं.

"मग काय थेट पोवळ्यांच्या डोक्यावर लावू?" जर्राह शिडीवरून खेकसला. "नवे दिवे पहिल्यांदा पूर्ण जोरात चालवून बघायचे असतात. तेवढा उजेड एकदम अंगावर पडला तर तुझी पोवळी भाजून पांढरी फटक होतील. त्यांना रोज थोडा थोडा वाढवून सवय लावावी लागते. आधी बाहेर बघू, मग आत टांगू."

कुवेतमध्ये समुद्री मासे पाळणाऱ्या मंडळींत जर्राहचा शब्द शेवटचा मानला जाई. निदान जर्राह तरी मानत असे. तेव्हा रस्त्याकडच्या कठड्यावर सहा एलईडी दिवे ओळीनं लटकले. आतल्या दिवाणियात, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीच्या दालनात, माशांची आणि जिवंत पोवळ्यांची आठ फुटी काचेची टाकी होती. मुसाइदची आई गेल्यापासून त्याचे वडील दिवसभर टाकीसमोर चहा घेऊन बसत आणि माशांशी बोलत.

मुसाइदला घाई होती. त्याची बायको हेस्सा बहिणीच्या बाळंतपणासाठी मुलाला घेऊन माहेरी गेली होती, आणि जाताना बजावून गेली होती, "त्या डबक्यासाठी आता साधी काडी जरी घरात आली, तर मी परत यायची नाही." सहा दिव्यांना काडी म्हणणं कठीण होतं. पण हेस्सा रागानं टाकीकडे बघतसुद्धा नसे. एकदा दिवे आत टांगले की तिला कळणारही नव्हतं.

सूर्यास्ताची मगरीबची नमाज झाली आणि जर्राहनं फोनवर बोट ठेवलं. घराची भिंत निळी झाली, जांभळी झाली, मग पहाट फुटावी तशी सावकाश उजळली. मुसाइद हरखून बघत राहिला. घराच्या भिंतीवर रोषणाई दिसली की या शहरात लोक काय समजतात, हे इथेच जन्मून मोठ्या झालेल्या दोन शहाण्यांच्या डोक्यात आलंच नाही.

समोरचे बू राकान, म्हणजे राकानचे वडील, डोक्यावरचं फडकं सावरत धावत आले आणि त्यांनी मुसाइदला कडकडून मिठी मारली. "मुबारक, बू बर्राक! हजारदा मुबारक! पण इतक्या लवकर दिवे लावाल असं नव्हतं वाटलं हं!"

"कशाबद्दल मुबारक?"

"घ्या! घराला रोषणाई करून वर मलाच विचारतोय! अरे, लग्नाबद्दल!" बू राकाननी डोळे मिचकावले आणि बायकोला सांगायला ते आल्या पावली परतले.

मुसाइदच्या पायाखालची जमीन सरकली. त्याचा एकुलता एक मुलगा बर्राक सहावीत होता. म्हणजे लग्न करण्याजोगा पुरुष घरात एकच उरत होता, आणि त्याला या क्षणी दरदरून घाम फुटला होता. त्यानं धावत जाऊन प्लग उपटला.

"काय केलंस हे?" जर्राह ओरडला.

"अरे, लोकांना वाटतंय मी दुसरी आणतोय!"

"मग विझवलेस कशाला, वेड्या? आता वाटेल गुपचूप आणतोयस!"

आणि तसंच झालं. ज्यांनी दिवे पाहिले नव्हते, त्यांनाही ते लागले आणि घाईघाईनं विझवले गेले हे कळलं. त्यात आज बैठकीचा वार. मिठायांची ताटं घेऊन लोक आले, वडिलांच्या कपाळाचं चुंबन घेऊन मुबारक म्हणू लागले. वडील शांतपणे प्रत्येकाला म्हणत होते, "अल्लाह तुमचंही भलं करो."

"बाबा, कबूल काय करताय!" मुसाइद त्यांच्या कानाशी कुजबुजला.

"दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं?" ते म्हणाले आणि त्यांनी कॉफीचा पेला पुढे केला.

तेवढ्यात फोन वाजला. हेस्सा.

"नाव काय तिचं?"

"कोणाचं?"

"तिघीजणींनी फोन करून माझं सांत्वन केलंय, मुसाइद."

"अगं, ते दिवे..." तो अडखळला. दिवे पोवळ्यांचे आहेत म्हणावं तर काडीची अट मोडली, न म्हणावं तर घरात सवत. इकडे आड, तिकडे विहीर. "ते दिवे जर्राहचे आहेत."

"म्हणजे तोही सामील आहे! थांब, आलेच मी."

ती आली आणि सरळ दिवाणियात शिरली. पुरुषांच्या बैठकीत बाई! सगळे दचकून उठले आणि गालिच्याकडे बघत उभे राहिले.

"कोण आहे ती?"

"वल्लाह, हेस्सा, ते दिवे म्हणजे..."

"लतीफा," वडील म्हणाले.

त्यांनी बू राकानकडे बोट केलं.

"या बू राकानची थोरली बहीण. तीही एकटी, मीही एकटा. दुपारीच तिचा होकार आला."

बू राकान गालिच्याकडे बघत हसत होते.

"कसं सांगावं तुम्हाला, या काळजीनं मी महिनाभर माशांशीच बोलतोय," वडील म्हणाले. "आज सकाळी धीर करून तुला म्हटलं, एकट्यानं करमत नाही रे. तू नुसतं 'हं' केलंस. वाटलं, पोरगा रागावला. आणि संध्याकाळी बघतो तर तू आपणहून घराला दिवे लावलेले!" त्यांचे डोळे भरून आले. "तुझी आई गेल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, बाळा."

सकाळी मुसाइदचं डोकं दिव्यांच्या खोक्यात होतं. बाबा काय म्हणाले ते त्याला आत्ता कळत होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं म्हणून तो पुढे सरकला, तोच हेस्सानं त्याच्या पायावर करकचून टाच रोवली. टाकीमागची खोकी, त्यांच्यावरची पोवळ्यांची चित्रं तिनं केव्हाच पाहिली होती.

"हो बाबा, यांनीच लावले," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं लावायला." मग दातओठ खात ती पुटपुटली, "डबक्याचेच ना?"

"हो."

"आता लग्न होईपर्यंत बाहेरच राहतील. पुढचं मी ठरवीन. जा, लाव."

दिवे पुन्हा लागले. काठी टेकत वडील अंगणात आले आणि मान वर करून बघत राहिले.

"जर्राह, आणखी थोडे जोरात कर की!"

"नको, काका," जर्राह सवयीनं बोलून गेला. "एकदम एवढा उजेड टाकला की नाजूक जीव पांढरे फटक पडतात. रोज थोडं थोडं वाढवून सवय लावावी लागते."

वडिलांनी एकदा मुसाइदच्या तोंडाकडे पाहिलं, मग नव्या सासूच्या विचारात उभ्या असलेल्या सुनेच्या तोंडाकडे.

"हे मला महिन्यापूर्वी सांगायचंस रे," ते म्हणाले.