भोंग्याच्या नळीतला सोबती

"या खेपेला खरा सोबती सापडला नाही, तर नाव बदलेन!" भोंग्याने जाहीर केलं. नाव बदलायला हरकत नव्हती म्हणा! त्याचं खरं नाव प्रयोगशाळेत कुणालाच आठवत नव्हतं.

किती भाबडे दिवस होते ते! आता यंत्रं नळ्या भरतात आणि खोलीत चिटपाखरू नसतं. तेव्हा थेंब हातानं टाकायचे आणि तळघरातल्या मास स्पेक्ट्रोमीटरसमोर आपली पाळी येण्याची वाट बघायची. ते धूड प्रथिनांच्या तुकड्यांची वजनं करून नावं सांगे. मूत्रपिंडातलं आपलं लाडकं प्रथिन भोंग्याने बारीक मण्यांना बांधलं आणि पेशींच्या रसात सोडलं. त्याला कोण बिलगतं, ते बघायचं. पण जगात उगाच गळ्यात पडणारे काय कमी असतात? म्हणून दुसऱ्या नळीत त्याच रसात नुसते मणी. तिथंही सापडेल तो फुकट्या. फक्त पहिलीत सापडेल तो खरा सोबती!

नुसत्या मण्यांचं कंटाळवाणं काम त्याने समोरच्या टेबलावरच्या मौनीबाईंच्या गळ्यात मारलं.

"कराल ना?"

"हं," मौनीबाई म्हणाल्या. त्या दिवसाचं भाषण आटोपलं.

प्रमुख मॅडमनी बजावलं होतं, "निकाल नाही, तर नेमणुकीला मुदतवाढ नाही." तरी हा पठ्ठ्या मास्क हनुवटीवर ओढून, उघड्या नळीवर ओणवा होऊन सासऱ्यांच्या कुत्र्याची गोष्ट रंगवत होता. भुंकण्यासकट!

निकाल आला. यादीत सगळ्यांत वर एक दणदणीत प्रथिन; मौनीबाईंच्या नळीत त्याचा मागमूस नाही! भोंगा धापा टाकत मॅडमकडे पोचला.

"सापडला!"

मॅडमनी चष्मा पुसला. "हे लाळेतलं आहे."

"कुणाच्या?"

"यंत्र माणसाचं नाव सांगत नाही. गरजही वाटत नाही."

"पण मौनीबाईंच्या नळीत नाहीये ना!"

"त्या बोलत नाहीत."

भोंग्याचा चेहरा पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा झाला. गयावया करून त्याने यंत्राची आणखी एक पाळी मिळवली. मास्क नाकापर्यंत चढवला, ओठ शिवले. पण गप्प बसलं की त्याचे हात लटपटत! पहिला थेंब टेबलावर, दुसरा बुटावर.

मौनीबाईंना बघवेना. त्यांनी आपली नळी त्याच्यापुढे सरकवली.

"बोला."

"अहो, लाळ...?"

"दोन्हींवर बोला. सारखंच."

मग काय! कुत्र्याची गोष्ट अर्धी या नळीवर, अर्धी त्या नळीवर. यंत्राने दोन्हींत लाळ दाखवली. फुकटी म्हणून ती यादीतून गेली. आणि पार खालून, लाजत, एक प्रथिन वर आलं, फक्त भोंग्याच्या नळीतलं! पुन्हा ताडून पाहिलं. खरंच सोबती!

"पद्धत लिहिताना कुत्रा गाळा," मॅडम म्हणाल्या आणि मुदतवाढीवर सही केली.

त्याच दुपारी मौनीबाई मॅडमच्या खोलीत शिरल्या. आपलं टेबल दुसऱ्या खोलीत हलवून हवं होतं. मॅडमनी सहज कारण विचारलं.

मौनीबाई पाऊण तास बोलल्या. एकदाही श्वास न घेता!

दाराबाहेर पेढे घेऊन उभा राहिलेला भोंगा पुढं कितीतरी वर्षं सांगायचा, इतकं ओघवतं वक्तृत्व आपण पुन्हा ऐकलं नाही.