गोलाची रेघ आणि जावळाचा बोकड

रुद्रचं तिसरं वर्ष सरत आलं आणि जावळ अजून डोक्यावरच होतं, ते दोन हजार तेवीस साल. केस बाजूला सारल्याशिवाय लेकराला ताटातली भाकर दिसत नव्हती. एसटीत बायका विचारायच्या, "पोरीचं नाव काय ठिवलं?" आणि हे सगळं एका गोलापायी!

झालं होतं असं. डोंगरकड्याच्या उकंडरावांची लेक प्रियंका जवळा बाजारच्या मुंजाजींच्या घरी दिलेली. रुद्र दोघांचाही नातू. आदल्या वर्षी सव्वीस जानेवारीला दोन्ही गावांचा फुटबॉलचा सामना झाला. डोंगरकड्याच्या गोलात उभा होता उकंडरावांचा मुलगा माऊली. चेंडू आला, माऊलीनं पोटाशी धरला आणि चेंडूसकट मागं कोलमडला. चेंडू रेघेच्या आत गेला की बाहेरच राहिला? मुंजाजी ओरडले, "गोल!" उकंडराव ओरडले, "डोळे तपासा!" शिट्टीवाले संतराम सर समजूत काढायला मधे गेले आणि दोन्हीकडून ढकलले गेले.

जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर लागतं. मामा म्हणजे माऊली! उकंडरावांनी बजावलं, "गोल नव्हता असं इवाई गावापुढं म्हणत न्हाईत तंवर माझा माऊली मांडी घालणार न्हाई!" मुंजाजींनी उलटा निरोप धाडला, "गोल व्हता म्हणा, मंग पाट मांडतो!" तिसऱ्यात निघालं नाही तर जावळ थेट पाचव्यात, चौथं वर्ष चालत नाही. उकंडरावांची बायको द्वारकाबाई रोज धुसफुसायची. "दोघा म्हाताऱ्यांच्या डोक्यावर केस ऱ्हायले न्हाईत, म्हून लेकराचे वाढवून राहिले व्हय?"

शेवटी उकंडरावांनीच तोड काढली. डोंगरकड्यातच नव्यानं सामना घ्यायचा. जो जिंकेल त्याचं जुनं म्हणणं खरं, आणि त्याच संध्याकाळी जावळ.

"आन् औंदा माणसाच्या डोळ्याचा भरवसाच नको!" ते पारावर छाती पुढं काढून म्हणाले. "परदेशात कॅमेरा लावून गोल बघतात. आमी काहून न्हाई? चेंडू सुईभर आत गेला तरी मशीन सांगल!"

लग्नाची शूटिंग करणारा बंटी ठरला. एक कॅमेरा त्याच्या खांद्यावर, प्रत्येक गोलाच्या बाजूला रेघेच्या सरळ एकेक कॅमेरा, आणि लग्नात नवरा-नवरी दाखवतात तो मोठा पडदा.

सामन्याच्या दिवशी मैदानाच्या चारी बाजू आखून झाल्या आणि फक्की संपली. गोलाच्या रेघा तेवढ्या राहिल्या. उकंडराव भडकले. "कॅमेरे आणले, पडदा आणला, आन् मूठभर चुन्यासाठी अडून बसू?" तरातरा घरी गेले आणि जावळाच्या जेवणासाठी दळून ठेवलेलं ज्वारीचं पीठ घमेलंभर उचलून आणलं. रेघ अशी पांढरीफेक उठली की फक्कीनं लाजावं!

मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. माऊलीनं अंगावर आलेले चेंडू असे अडवले की उकंडराव तव्यावरच्या भाकरीसारखे फुगले. त्या भरात त्यांनी जावळासाठी घेतलेला बोकड, गळ्यात झेंडूचा हार घालून, मैदानात आणला.

"बघा इवाई, संध्याकाळची तयारी!"

मुंजाजींनी बोकड वरून खाली न्याहाळला. "बारीक हाय. तुमच्या माऊलीवानी."

"माझ्या माऊलीला बारीक म्हणता?" त्यावरून दोघांची जी जुंपली ती पुन्हा शिट्टी वाजेपर्यंत. बोकडाचं कुणाला भान राहिलं नाही. सामना सुरू होताना पोरांनी त्याला सोडून लिंबाखाली नेऊन बांधलं.

आणि शेवटच्या घडीला पुन्हा तेच! जवळ्याच्या पोरानं चेंडू हाणला, माऊलीनं पोटाशी धरला आणि मागं कोलमडला.

"गोल!"

"कसला गोल? कशाचा गोल?"

संतराम सर यावेळी मधे पडले नाहीत. ते सरळ पडद्याकडं पळाले. "बंटी, लाव!"

आधी खांद्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र लागलं. चेंडू पायातून सुटला, हवेत गेला आणि पडद्यावर आले मुंजाजी! हळूहळू उठणारे, हळूहळू तोंड उघडणारे, आणि भोवती लग्नाच्या शूटिंगमधल्या गुलाबाच्या पाकळ्या पडून राहिलेल्या!

"चेंडू कुठंय मुडद्या?" उकंडराव किंचाळले.

"काका, मोठा पाहुणा उठून उभा राहिला की कॅमेरा त्याच्याकडं जातोच. हाताला सवय हाय."

"हितं काय अक्षता पडून राहिल्या?"

"फोटू बराबर आलाय," मुंजाजी म्हणाले. "जरा पुन्हा लाव."

मग गोलाजवळच्या कॅमेऱ्याचं चित्र लागलं. चेंडू असा स्वच्छ की त्याची शिवण मोजून घ्यावी. माऊलीचे दात दिसले. सगळं दिसलं. फक्त रेघ दिसेना! नुसती काळी माती. आणि गोलाचा एक बांबू पिऊन आल्यासारखा बाजूला कललेला.

"रेघ पुसली!" मुंजाजी गरजले. "माऊलीनं पायानं पुसली!"

"तुमच्याच पोरांनी पुसली! चोर हायेत चोर!"

चपला हातात आल्या. उकंडराव खुर्चीवर चढले. "बंटी, चित्र मागं घे! ज्यानं रेघ पुसली त्याची आज गावातून धिंड काढतो! मंग तो कुणीबी असू दे!"

बंटीनं चित्र मागं घेतलं. मध्यंतर आलं. पडद्यावर बोकड आला. गोलाच्या बांबूला बांधलेला, गळ्यात हार, आणि मन लावून रेघ चाटून राहिलेला! या टोकापासून सुरुवात करून तो त्या टोकाला निघाला. दोरी पुरेना तेव्हा त्यानं मान वाकडी करून बांबूच ओढून घेतला.

"ह्याला तिथं बांधलं कुणी?" उकंडरावांनी खुर्चीवरूनच दरडावलं.

"आजून मागं घे," मुंजाजी म्हणाले.

आणि पडद्यावर खुद्द उकंडराव आले. त्यांनी बोकड बांबूला बांधला, गाठ ओढून पाहिली, हार नीट केला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून व्याह्यांशी भांडायला निघून गेले.

सगळ्यांच्या माना उकंडरावांच्या खुर्चीकडं वळल्या.

"काढा धिंड!" मुंजाजी म्हणाले.

मग जे हसू फुटलं ते ऐकून लिंबावरचे बगळे उडाले! उकंडराव लालबुंद. "बंद कर पडदा! आन् तो बोकड आत्ताच्या आत्ता कापा!"

"हात लावायचा न्हाई!" मुंजाजी आडवे झाले. "रेघ त्याच्या पोटात हाय. पुरावा हाय तो!"

"बोकड माझा हाय!"

"गोल माझा हाय!"

इकडं ऊन उतरायला लागलं. द्वारकाबाईनं माऊलीचा कान धरला आणि त्याला तिथंच, गोलाच्या तोंडाशी खाली बसवलं.

"आई, पर बाबा..."

"बाबाला बोकडाशी निपटू दे. मांडी घाल!"

प्रियंकानं रुद्रला त्याच्या मांडीवर दिलं. न्हावी सामना बघायला आलाच होता, त्यानं पेटी उघडली. पडद्यापाशी दोघे म्हातारे घसा ताणून भांडत होते. लेकराच्या रडण्यानं त्यांनी वळून पाहिलं तर रुद्रचं डोकं सोललेल्या नारळासारखं गुळगुळीत!

"कुणाला इचारून?" दोघे एका आवाजात ओरडले. वर्षभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

"मशीनला," द्वारकाबाई म्हणाली.

गोलाचा निकाल मात्र लागला नाही. पुढच्या वर्षी मुंजाजी हिंगोलीच्या दवाखान्यात भरती झाले. उकंडराव भेटायला गेले आणि खाटेवर वाकून म्हणाले, "इवाई, आता तरी कबूल करा. नव्हता."

मुंजाजींनी नाकावरची नळी बाजूला केली. "व्हता!"

उकंडराव पाय आपटत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी बंटीला चित्रासकट मोटारसायकलवर घालून पुन्हा गेले. प्रियंका दवाखान्याच्या दारातच भेटली. तिचं तोंड बघून ते तिथल्या पायरीवर बसले आणि बंटीवरच खेकसले, "असं मधूनच उठून जातेत व्हय? ही काय रीत हाय?"

मुंजाजी दोन हजार चोवीस साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी वारले.