दोन बेलचा माणूस

आमच्या मजल्यावरच्या तावडेकाकांच्या दाराची बेल एकदा वाजवली तर ते दार उघडत नाहीत. दोनदा वाजवावी लागते. कुरियरवाला असो, सेक्रेटरी असो, सगळ्यांना नियम एकच. काका जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. "एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल," ते सांगतात. "तू एकदा वाजवलीस, मी जागच्या जागी थांबलो. माझं काय चुकलं?"

एकदा त्यांची स्वतःची मुलगी नाशिकहून आली आणि तिने चुकून बेल एकदाच वाजवली. पिशव्या घेऊन जिन्यातच उभी. शेवटी मीच माझ्या दारातून हळूच म्हटलं, "अगं, अजून एकदा दाब."

आमची बिल्डिंग अंधेरीला, एमआयडीसीच्या मागे. झोपडपट्टी होती तिथे आता लिफ्ट आहे, म्हणजे चालू असते तेव्हा. मागे एकदा सोसायटीच्या ऑफिसात एका संस्थेची बाई आली होती. बंद पडलेले मोबाइल, वायरी, रिमोट कचऱ्यात टाकू नका, म्हणाली. भंगारवाले वायरी जाळतात, तो धूर आपल्याच नाकात जातो. सामान एका जागी जमवून ठेवा, आमचा टेम्पो येऊन नेईल. सगळ्यांनी समोसे खाल्ले. जमवणार कोण, असं तिने विचारल्यावर सगळे चपला शोधायला लागले. हात एकट्या तावडेकाकांनी वर केला. काकी जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

तेव्हापासून काका लिफ्टपाशी उभे राहायचे. "चला, माळ्यावर कोण कोण मेलंय? खाली उतरवा! शेवटचा स्टॉप!" नवीन राहायला आलेली एक बाई घाबरून परत घरात गेली होती.

आणि माळ्यावर प्रत्येकाच्या काहीतरी होतंच. आम्ही माणसं बिघडलेली वस्तू टाकत नाही. फडक्यात गुंडाळून वर ठेवतो, होईल कधीतरी दुरुस्त म्हणून. काकांनी ती फडकी सोडवली. पण सामान घेण्याची त्यांची पद्धत अशी, की देणाराच रडकुंडीला यावा.

समोरच्या शिंदेवहिनी इस्त्री घेऊन काकांच्या दारात आल्या होत्या. माझं दार उघडंच होतं.

"कुठे चढली ही?" काकांनी विचारलं.

"चढली म्हणजे?"

"घरात कुठून आली?"

"लग्नात. आत्याने दिली."

"आत्या आहेत अजून?"

"अहो काका, घ्या ना, माझं दूध आहे गॅसवर!"

"दूध उतू जाईल, इस्त्री कुठे पळून जातेय? बसा. चहा टाकतो."

रिमोट आणला तर ओरडायचे, "सेल काढून आण! सुटे आण, सुटे!" तोच जुना बसमधला आवाज. सगळी चौकशी झाली की वस्तू खोक्यात ठेवायचे आणि तोंडाने टिंग टिंग करायचे. गाडी सुटली.

मी लोकांकडे स्वयंपाकाची कामं करते. दुपारी येऊन जरा आडवी झाले की भिंतीपलीकडे बेल वाजायची. टिंग टिंग. डोळा लागला की परत टिंग टिंग. मनात म्हणायचे, एवढं एक खूळ या माणसाच्या डोक्यातून जाऊ दे रे बाबा. तोंडावर कधी बोलले नाही. मला तसं कुणालाच काही बोलता येत नाही.

पण बाकीचे बोललेच. एक चार्जर द्यायला अर्धा तास कुणाला आहे? मग सेक्रेटरीने मीटिंगमध्ये सांगितलं, गेटवर मोठा हिरवा ड्रम ठेवू, येता-जाता टाका, कुणाला त्रास नको. सगळ्यांनी काकांकडे बघितलं.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "गाडी भरली पाहिजे. कुठल्या दाराने चढतायत ते महत्त्वाचं नाही."

त्यांना शाल-नारळ दिला. आमच्याकडे माणसाचा सत्कार झाला की समजायचं, त्याचं काम काढून घेतलं.

ड्रम भराभर भरला. काकांच्या खोक्यात कधी एवढं सामान आलं नव्हतं. शेजारच्या बिल्डिंगनेही तसाच ड्रम आणला. टेम्पो आला की काका खाली जाऊन बघून यायचे. "झकास," म्हणायचे आणि वर यायचे. लिफ्टपाशी उभं राहणं बंद झालं.

दुपारी मला झोप मिळायला लागली. म्हणजे मिळायला हवी होती. मी पडून राहायचे आणि भिंतीपलीकडे काही वाजत नाही ते ऐकत राहायचे.

परवा संध्याकाळी माझा मिक्सर गेला. ओलं खोबरं वाटताना जळका वास आला आणि संपलं. पाय दुखत होते, आणि ड्रम खालीच आहे, सकाळी कामाला जाताना टाकता आला असता. तरी तो उचलून मी काकांच्या दाराशी गेले. दोन्ही हात अडकलेले, म्हणून कोपराने बेल दाबली. एकदाच दाबली गेली. मिक्सर सावरून परत दाबणार, एवढ्यात दार उघडलं.

आत दाराला लागूनच खुर्ची होती. भिंतीशी, टीव्हीकडे पाठ करून.

"काका, दुसरी बेल राहिली," मी म्हटलं.

"राहू दे गं." त्यांनी मिक्सर हातात घेतला आणि उलटा करून बघितला. "कुठे चढला हा?"

"कुर्ल्याहून आणला होता. बसने. मांडीवर घेऊन."

"लगेजचं तिकीट काढलं होतंस?"

"नाही."

"बघ! एवढी वर्षं विदाउट तिकीट." त्यांनी ती खुर्ची माझ्याकडे सरकवली. "आता दंड. चहा पिऊन जायचं."

माझ्या घरी खोबरं अर्धवट वाटलेलं, भात लावायचा होता. मी बसले. काका चहा टाकायला आत गेले आणि तिथूनच ओरडले, "हां, कुर्ल्याहून निघालीस. मग पुढे?"

मी सांगायला लागले.