सहीशिवाय हत्यार नाही

बाथरूमच्या कडीची मूठ निवृत्त स्टोअरकीपरांच्या हातात निखळून आली, तेव्हा अकराला वीस मिनिटं कमी होती. अकराला खाली इमारतीची सभा होती आणि तीत त्यांची संकटकाळ प्रमुख म्हणून निवड व्हायची होती. या पदासाठी त्यांनी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

"अगं, मूठ निघाली! माझ्या पिशवीतलं हत्यार आण आणि बाहेरून कडी उचकट!"

ती पिशवी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दोर, टॉर्च, शिट्टी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, आणि पक्कड, पेचकस, करवत सगळं ज्यात मिटून बसतं ते हत्यार. पूर येवो की भूकंप, वस्तू जिथल्या तिथे.

"पिशवी सापडली," बायको बाहेरून म्हणाली. "पण त्यातली वस्तू काढायची तर रजिस्टरवर तुमची सही लागेल."

"आत्ता?"

"मागच्या महिन्यात वीज गेली म्हणून मी टॉर्च घेतला, तर सही नव्हती म्हणून लेखी खुलासा मागितलात."

स्टोअरकीपरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलेल्या माणसाला त्याच्याच घरात नियम शिकवायचे? आणि चीड याची की, नियम बरोबर होता.

"सरकव रजिस्टर दाराखालून!"

"जात नाही. चारशे पानी आणलंत."

"मग पान फाड!"

"पान फाडू नये, असं लाल शाईत लिहिलंय."

"ते मीच लिहिलंय! मी सांगतोय ना, फाड!"

"तोंडी हुकूम चालणार नाहीत, हे त्याच्याच खाली लिहिलंय."

तेवढ्यात इमारतीचे सचिव बोलवायला आले. "काका अडकलेत की काय?"

"अडकलो नाही! सराव चाललाय!" आतून गर्जना झाली.

बायकोनं स्वयंपाकघरातली सुरी आणली, फटीत घातली आणि कडी सरकवली. स्टोअरकीपर टॉवेलवरच तणतणत बाहेर आले. "हे आधी सुचलं नाही?"

"तुम्ही हत्यार मागितलंत. सुरी कुठे मागितलीत?"

कपडे चढवून ते खाली धावले, तोवर सचिवांनी सगळा प्रसंग रंगवून सांगितला होता. "तर संकटकाळ प्रमुख म्हणून काकूंचं नाव सुचवतो. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

"अन्याय आहे हा! पिशवी माझी, अभ्यास माझा!" स्टोअरकीपर दारातूनच हात उंचावून कडाडले.

सचिवांनी तोही हात मोजला आणि ठराव एकमतानं मंजूर झाल्याचं जाहीर केलं.