डायनामाइटतात्या

चार मे. विहिरीतला गाळ काढून तळ आणखी खोल करायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोकलेन मशीन येणार होतं, म्हणून मी काठावरची घाणेरी तोडत होते. पलीकडच्या दगडावर नामदेवतात्या पाय सोडून बसले होते. रोज बसतात. त्यांची स्वतःची विहीर असताना, आमच्या विहिरीवर, दुपारी बारा ते तीन.

तात्या म्हणजे जुने सुरुंगवाले. विट्याच्या पुढच्या माळावरच्या कितीतरी विहिरींचा खडक त्यांनी फोडला. बोलायला बसले की कुठूनही डायनामाइटवर येतात.

"सूनबाई, डायनामाइट म्हंजे काय, म्हाईत हाय का?"

मी लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून मला माहीत आहे. ग्रीक लोकांत ताकदीला जो शब्द, त्यातून तो निघाला. कॅनॉलच्या कामावरच्या एका साहेबानं बदली होताना तात्यांना इंग्रजी शब्दकोश दिला आणि त्या एका शब्दापुढे मराठीत अर्थ लिहून दिला. तात्यांनी बाकीचा शब्दकोश कधी उघडला नाही.

"सायकलचा डायनामो हाय न्हवं, त्यो ह्याचा चुलतभाऊ. एक दिवा लावतो, एक डोंगर उडवतो. घराणं एकच. आन ज्यानं शोध लावला त्यानं ह्येला सुरक्षित पावडर म्हणून इकलं. आता काय बोलायचं."

कडक चहा डायनामाइट. ठेचा डायनामाइट. एकदा माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुजी बायको डायनामाइट हाय रं." मी जाब विचारला, तर म्हणाले, "इंग्रजीत लय चांगल्या मानसालाबी म्हंत्यात." खरं तर तात्यांनी जन्मभर जिलेटिनच्या कांड्या वापरल्या. हे मी एकदाच बोलून दाखवलं. चार दिवस ते विहिरीवर आले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांना मोजायची सवय. लग्नात फटाके लागले की सगळे नवरानवरीकडे बघतात. तात्या बोटं मिटत फटाके मोजतात. शेवटी बादलीभर पाणी घेऊन न फुटलेला शोधायला निघतात. आमच्या नणंदेच्या लग्नात त्यांनी व्याह्यांच्या नव्या बुटांवर पाणी ओतलं होतं.

त्या दुपारी वारा पडला होता. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींचे खोपे लोंबत होते. पाण्यावरचं ऊन हलत हलत कपारींवर चढत होतं, तिथून तात्यांच्या धोतरावर, तोंडावर. ते डोळे मिटून बसले, की माणूस पाण्याखाली बसल्यासारखा दिसतो. मलाही क्षणभर कोयता खाली ठेवावासा वाटला. ठेवला नाही.

"तात्या, उद्या उठा हितनं. मशीन येनार हाय."

ऐकू गेलं नाही. मी वळसा घालून उजवीकडे गेले आणि पुन्हा सांगितलं.

"कशाला?"

"खोल करायची. आनि कशाला?"

"नगं."

"आवं तात्या, मार्चपासनं नुस्तं डबकं उरतंय. दर साली असंच चाललंय."

तात्यांनी सोडलेले पाय वर घेतले. मग म्हणाले, "तुज्या सासऱ्याला मीच सांगितलं हुतं, पानी लागलंय, आता बास. पानी खरं, पर बास म्हनायचं कारन खोटं. शेवटच्या दिशी तळाच्या खडकात बारा बार भरलं. वाती लहानमोठ्या, म्हंजे एकामागनं एक उडत्यात. मानसं लांब पिटाळली. संगं मोजणारा जोडीदार, त्यो गेलाता जत्रंला. अकरा ऐकलं."

"आनि बारावा?"

"उतरून बघायला गेलो, तर झरा फुटून कंबरंएवढं पानी. कुटं हुडकायचं. तवाच डावा कान जात चाललाता, कुणाला सांगितलं न्हवतं. त्यो बार मुका व्हता का मी भैरा, आजून कळलं न्हाई."

"मग सांगायचं न्हाई?"

"कानाचं कळलं असतं तर कुनी कामाला लावलं असतं? आज सांगतो, उद्या सांगतो करता करता तुजा सासरा गेला. मग म्या हितं बसाया लागलो. कुनी पहार घिऊन उतरलं, तर आडवाया."

मला संताप आला. इतकी वर्षं उन्हाळ्यात मी लांबून पाणी वाहिलं. आमची पोरं ह्याच विहिरीत पोहायला शिकली, आणि हा माणूस तोंड मिटून बसला. मी हे सगळं बोलले, त्यांच्या ऐकू येणाऱ्या कानाशी, एकही शब्द न गाळता.  मग मला आठवलं, पोरं पोहायची तेव्हा तात्या त्यांना मधल्या खोल पाण्यातच उड्या मारू द्यायचे. तळाच्या कपारीत कुणी हात घातला की वरून दगड भिरकवायचे. तेव्हा आम्ही त्यांना वेडं म्हणायचो.

मी घाणेरीचा भारा बांधला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोकलेनवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. विहिरीच्या वाटेवर काटे ओढले. मग तात्यांना स्कुटीवर मागे बसवून विट्याला पोलीस ठाण्यात नेलं. सुरुंगाचा परवाना असलेला जाणकार पाठवून विहीर तपासावी, असा अर्ज मी लिहिला. हवालदारानं तो दोनदा वाचला आणि तात्यांना विचारलं, "आजोबा, नक्की किती बार भरले होते?"

तात्या नुसतेच हसले. मी उठून त्यांच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसले आणि प्रश्न मोठ्यानं परत विचारला.

"बारा भरलं," तात्या म्हणाले. "अकरा ऐकलं. आन कान आदीच गेलाता, तेबी लिवा सायेब."